पासावरची वंशावळ

नाशिकला रामकुंडाजवळच्या एका ओसरीवर गुरुजींनी लाल कापडात बांधलेली वही मांडीवर घेतली. ते गाठ सोडायच्या आतच आप्पांनी विचारलं, "नुसतं बघायचं किती?"

गुरुजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. यजमानांच्या सात-आठ पिढ्यांची नावं वहीत सांभाळणारं त्यांचं घराणं, पण बघायचा दर वेगळा आणि उतरवून घ्यायचा वेगळा असं धरून चालणारा यजमान त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला होता. ते म्हणाले, इच्छेला येईल ते द्या. आप्पांचा चेहरा उजळला. इच्छेवर सोडलं की आप्पांचा खर्च फारसा होत नसे.

वहीत आमचे पणजोबा सापडले. 'सटुप्पा बिन लखबा शिंत्रे, मौजे तळेवाडी', आणि सहीच्या जागी नांगराची निशाणी. आप्पांनी त्या नांगरावरून दोनदा बोट फिरवलं. मग गुरुजींनी रिवाजाप्रमाणे दौत पुढे ओढली आणि हल्लीची पिढी सांगा, तुम्ही भाऊ किती, म्हणून विचारलं.

"आमचं नंतर लिवा," आप्पा म्हणाले आणि उठलेच.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली. आप्पा, म्हणजे माझे वडील केदारी शिंत्रे, एसटीतून कंडक्टर म्हणून आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. आम्ही मिरजेला राहायचो, मी तिथेच प्राथमिक शाळेत शिकवत होते. निवृत्त माणसाला वर्षातले ठरावीक दिवस नवरा-बायको मिळून फुकट फिरायचा पास मिळे. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे आप्पांच्या हिशेबी अर्धा पास वाया चालला होता. आईच्या जागी मला नेता येत नाही हे नियमात कुठे लिहिलंय, ते त्यांनी डेपोत जाऊन तीनदा विचारून पाहिलं. शेवटी माझं तिकीट काढावंच लागे. ते काढताना आप्पा असे काही बघत, की समोरचा तरुण कंडक्टर सुटे पैसे दोनदा मोजून देई.

वंशावळीचं खूळ डोक्यात शिरलं ते त्यांच्या एका निवृत्त सोबत्यामुळे. त्यानं पुण्याच्या कुणाकडून तरी कित्येक हजार देऊन आपल्या घराण्याचं झाड काढून आणलं होतं, काचेच्या चौकटीत, मुळाशी एक तलवारवाला पूर्वज. आप्पा ते बघून आले आणि जेवताना म्हणाले, "दोनशे रुपयात बसवून दावतो. तलवार नको. नांगर चालंल."

मग जुन्या दिनदर्शिकेची बारा पानं कणकेच्या खळीनं एकमेकांना चिकटवून, उलट्या बाजूचा मोठा कागद तयार झाला. डिसेंबर खालच्या अंगाला आला. त्यावर आप्पांनी पट्टीनं चौकट आखली, 'कृष्णा सटुप्पा'. ते माझे आजोबा. त्यांच्याखाली दोन रेघा काढल्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. उजव्या रेघेखाली स्वतःचं नाव लिहिलं. डावी रेघ तशीच लोंबकळत ठेवली.

"आप्पा, हे कोण?"

"जागा ठेवलीया. मागनं बघू."

ती जागा कुणाची हे मला पाठ होतं. आप्पांना एक थोरले भाऊ होते, भैरू शिंत्रे. सगळं गाव त्यांना दादा म्हणे. ते तळेवाडीतच शेती करून होते. आणि आप्पा एकतीस वर्षं तळेवाडीला गेले नव्हते.

भांडण कशावरून झालं, तर बँडवरून. आजोबा लवकर वारल्यामुळे आप्पांचं लग्न दादांनी लावून दिलं. खर्चाला हात आखडता घेणं आमच्या घराण्यात रक्तातच आहे, आणि दादा त्यातले कळस. त्यांनी पलीकडच्या आळीतल्या एका लग्नाची तारीख आणि मुहूर्त आधी विचारून घेतला आणि आप्पांचं लग्न त्याच घटकेला धरलं. तिकडं वाजतंय ते इकडं ऐकू येतंय की, मग दोन-दोन वाजाप कशाला? आईनं माप ओलांडलं ते दुसऱ्याच नवरीच्या बँडवर. त्यातून तो बँड मध्येच चहाला थांबला. आप्पांनी त्या रात्री दादांना काय ऐकवलं ते मला कुणी सांगितलं नाही. पण पंधरवड्यात ते आईला घेऊन एसटीच्या नोकरीवर चिपळूणला गेले, आणि पुढे मिरजेला.

एवढ्यावर कुणी एकतीस वर्षं अबोला धरतं का, असं मी त्यांना चिडवायचे. आधी ते हसण्यावारी न्यायचे. पण आई गेली तेव्हापासून हसायचे बंद झाले. आईच्या दहाव्याला मिरजेत सगळे आले. निपाणीहून माझे दोन्ही मामा आले, चिपळूण डेपोतले लोक आले. दादा आले नाहीत. आप्पांनी गडहिंग्लजच्या गाडीच्या कंडक्टरकडे हातानं लिहिलेली चिठ्ठी दिली होती, तळेवाडी फाट्यावर टपरीत ठेवायला सांगून. एसटीवाल्यांचे निरोप असेच जात, बिनखर्चाचे आणि तारेपेक्षा लवकर. दहाव्याच्या दिवशी आप्पा घाटावर दुपारी दोनपर्यंत थांबून राहिले, कावळा कधीच शिवून गेला होता तरी. घरी आल्यावर म्हणाले, "माझ्यावर राग होता, कबूल. पर तिनं त्याचं काय वाकडं केलं हुतं?" त्यानंतर दादांचं नाव घरात निघालं नाही.

म्हणून तर मला त्या वंशावळीचं हसू येई आणि वाईटही वाटे. तळेवाडीच्या शिंत्र्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ असलेला माणूस तळेवाडीतच बसला होता. आणि आम्ही त्याला सोडून महाराष्ट्र पालथा घालत होतो.

नाशिकनंतर आम्ही कोल्हापूरला गेलो. तिथे आप्पांच्या ओळखीचे एक मोडी वाचणारे पेन्शनर होते. त्यांनी एका जुन्या कागदावरून लखबाचा बाप शोधून दिला. बदल्यात आप्पांनी त्यांना सगळ्या गाड्यांच्या वेळा लिहून दिल्या. मग तालुक्याच्या शाळेत दाखल्याचं रजिस्टर पाहिलं. त्या पानावरची सगळी पोरं एक जूनला जन्मलेली होती, आप्पांसकट. आप्पा म्हणाले, मास्तरांनी एका दिवसात सगळ्यांची बारशी उरकली, खर्च वाचवला. त्यांच्या वरच्याच ओळीला 'भैरू कृष्णा शिंत्रे' होतं, तोही एक जूनचा. आप्पांनी स्वतःची ओळ उतरवून घेतली आणि वरची ओळ वाचून रजिस्टर मिटलं.

प्रवासात जेवण एकच, घरची भाकरी आणि गूळ. ह्या गुळाचंही सांगायला हवं. दरवर्षी संक्रांतीच्या पुढेमागे मिरज स्टँडवर आमच्या नावानं गुळाची एक ढेप येई. गाडी गडहिंग्लजहून निपाणीमार्गे यायची. कुणीतरी ढेप ड्रायव्हरच्या हवाली करायचं आणि ती स्टँडवर उतरवली जायची. खताच्या पोत्याच्या तुकड्यात ती निळ्या दोऱ्यानं शिवलेली असे आणि वर एक चिठ्ठी टाचलेली, कुठल्यातरी जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली, 'सौ. हौसाबाई शिंत्रे, मिरज'. आई म्हणायची, माहेरचा गूळ आहे. फुकट आलेल्या वस्तूची फार चौकशी करायची नाही, हा आप्पांचा नियम होता. ते गूळ खात आणि सासरवाडीचं कौतुक करत. "माणसं असावी तर अशी," म्हणत. कुणासारखी नसावी ते सांगायची गरज नसे.

आई गेल्यावरही दोन्ही संक्रांतींना ढेप आली. वर नाव तेच, आणि आधी 'सौ.'ही तसंच. तेव्हा मला मामांचा रागच आला. सख्खी बहीण जाते आणि ह्यांना चिठ्ठी बदलायचं सुचत नाही. आप्पांनी त्या चिठ्ठ्या फाडल्या नाहीत. पासाच्या पाकिटात ठेवल्या.

मे संपत आला, पासाचे थोडे दिवस उरले. आम्ही गडहिंग्लजच्या स्टँडवर बसलो असताना एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं की पलीकडच्या माळावर हेळव्यांची पालं पडलीत, आणि त्यात शिंत्र्यांचा हेळवी सिद्राम आहे.

आमच्या मुलखात प्रत्येक भावकीचा हेळवी ठरलेला असतो. दोन-चार वर्षांनी तो बैल घेऊन दारात येतो, वही उघडतो आणि मूळ पुरुषापासून घराण्याची नावं सुरात वाचून दाखवतो. मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं ते घरातल्या थोरल्याकडून विचारून लिहून घेतो आणि प्रत्येक भावाच्या वाटणीचं एकेक सूप धान्य घेऊन पुढच्या गावाला जातो. हे आप्पांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग नाशिकपर्यंत जाऊन आलो कशाला, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, पास होता.

माळावर चार पालं होती. बैल बाभळीला बांधलेले होते. सिद्राम हेळवी साठीचा, कानात बाळी, गळ्यात ताईत. त्यानं आधी ना म्हणून सांगितलं. वही यजमानाच्या सोप्यात वाचायची असते, असं रानात उघडायची नसते. आप्पांनी बराच वेळ घासाघीस केली. शेवटी सिद्रामनं घोंगडी अंथरली, वहीला हळदकुंकू लावलं आणि सूर धरला.

मला ते सगळं नीटसं कळलं नाही, निम्मे शब्द कानडी होते. पण नावं कळत होती. आप्पा मांडीवर कागद पसरून नुसते बसले होते. कुठून तरी आलेला मूळ पुरुष, मग त्याचे चार लेक, त्यातला धाकटा तळेवाडीत राहिला. मग लखबा, मग सटुप्पा. सटुप्पाचा कृष्णा. इथं आप्पांचं पेन्सिल धरलेलं बोट पांढरं पडलं.

"कृष्णाचं दोन ल्योक," सिद्राम म्हणाला, आणि मान वर करून त्यानं विचारलं, "तुमी कुनाचं म्हनला?"

"मी केदारी."

सिद्रामनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. आप्पा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बघ आता. मेलेला लिवला आसंल, न्हाईतर परागंदा. दादा एक सूप वाचवायला सोडायचा न्हाई."

"केदारी कृष्णा," सिद्राम वाचू लागला. "परगावी एसटीत नोकरीला. बायकू हौसाबाई, म्हायेर निपानी. लेक येक, वैजंता. शाळंत मास्तरीन. समदी खुशाल."

मी वैजयंता. मला त्या वहीत कुणी लिहिलं असेल हे मी स्वप्नातही धरलं नव्हतं. मी म्हटलं, मुलींची नावं लिहीत नाहीत ना तुम्ही?

"न्हाई लिवत. पर भैरू पाटील आयकनात. म्हनले, धाकल्याला येवढंच हाय, लिवलंच पायजेल. त्येच्यापायी येक पायली जुंधळा जादा घातला." सिद्राम दादांना मानानं पाटील म्हणत होता, आणि त्याला ते अजून नवल वाटत होतं. "भैरू पाटलानी जादा घातलाय म्हनल्यावर मी ध्यानात ठिवलंय. आनि दर खेपंला तुमच्या वाटनीचं सूप येगळं आसतंय. त्येंच्यात मिसळत न्हाईत."

मीच विचारलं, हे कधी लिहिलंत?

"आत्ता शिमग्यात. तळेवाडीसनंच आलो की हिकडं." सिद्रामनं वहीवर ठेवलेला दगड बाजूला केला. "वैनी बऱ्या हायत न्हवं?"

शिमग्याला आईला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. मी आप्पांकडे पाहिलं.

"बरी हाय," आप्पा म्हणाले.

त्यांनी खिशात होते ते सगळे पैसे सिद्रामच्या वहीवर ठेवले. मोजले नाहीत. आप्पांनी न मोजता पैसे दिलेले मी त्या दिवशी पाहिले, आधी नाही आणि नंतरही नाही.

रस्त्याला लागल्यावर मी जरा रागानंच विचारलं, खोटं कशाला सांगितलंत? आप्पा भराभर चालत होते.

"हेळव्याला आदी सांगून कसं चालंल? दादाला आदी कळाय पायजे."

"म्हणजे त्यांना कळलंच नव्हतं?"

"न्हाई कळलं," आप्पा म्हणाले. "त्यानं खुशाल म्हणून लिवलंय, वैजू. आनि मी दोन वर्सं त्याला शिव्या घालतोय."

तळेवाडीची गाडी अर्ध्या तासानं होती. त्या अर्ध्या तासात मला आमच्या फिरण्याचा नकाशा दिसायला लागला. आधी नाशिक, मग कोल्हापूर, मग गडहिंग्लज. दर खेपेला आम्ही थोडे थोडे जवळ आलो होतो. पास संपता संपता आता नऊ मैल उरले होते. मी आप्पांना तसं म्हणून दाखवलं नाही. चिडवण्यासारखं होतं, पण जीभ रेटली नाही.

फाट्यावर उतरलो. तिथे एक सलूनचं दुकान होतं आणि सायकल दुरुस्तीवाला होता. आप्पांनी सलूनवाल्याला विचारलं, इथं बाळू तांबोळ्याची चहाची टपरी होती ना?

"ती व्हय? बाळूमामा जाऊन सा वर्सं झाली. त्येच वर्सी मोडली टपरी."

आप्पा मान हलवत राहिले. एकतीस वर्षं न पाहिलेल्या गावातल्या टपरीवर त्यांनी बायकोच्या मरणाची बातमी धाडली होती. कंडक्टरनं ती चिठ्ठी बंद पडलेल्या टपरीच्या फळीत खोचली, की परत खिशात घातली, देव जाणे. कुणी बेईमानी केली नव्हती. आप्पांनी फक्त तारेचे पैसे वाचवले होते.

गाव फाट्यापासून मैलभर. वाटेत आप्पांनी दोनदा थांबून चप्पल झटकली. चपलेत काही नव्हतं.

दादांचं घर सिमेंटच्या पत्र्यांचं होतं, अंगणात पाण्याचा हौद. दादा दारात पोत्यांचा ढीग घेऊन बसले होते. खताच्या रिकाम्या पोत्यांचे निळे दोरे उसवून ते त्यांची गुंडी करत होते. माणूस असेल सत्तरीच्या आसपासचा, आणि बसायची ढब अगदी आप्पांची. मागच्या कोनाड्यात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, कात्रीनं सारखे तुकडे केलेला, कोरी बाजू वर.

मी ती गुंडी पाहिली, तो गठ्ठा पाहिला आणि आप्पांच्या हाताला धरलं. त्यांनीही पाहिलं होतं. इतकी वर्षं ज्या गुळाबद्दल त्यांनी सासरवाडीची तारीफ केली, तो ह्या अंगणात शिवला जात होता.

दादांनी मान वर केली. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्यांना उठायला वेळ लागला, आणि उठल्यावर त्यांनी आप्पांकडे नाही, आमच्या मागं रस्त्याकडे पाहिलं.

"दोघंच?" ते म्हणाले. "हौसा कुटं हाय?"

आप्पा अंगणाच्या कडेलाच थांबले होते. चप्पल काढलेली, हातात दिनदर्शिकेच्या कागदाची गुंडाळी.

"दादा," ते म्हणाले, "डोईवरनं पानी घे."

आमच्याकडे उशिरा कळलेल्या मरणाला तेवढंच असतं. सुतकाचे दिवस उलटून गेलेले असतात. मग ज्या क्षणी कळेल त्या क्षणी अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करायची. एवढं वाक्य कुणी बोललं की पुढचं विचारावं लागत नाही.

दादांच्या हातातली गुंडी खाली पडली आणि अंगणभर उलगडत गेली. ते हौदाकडे चालत गेले आणि पायरीवर बसले. धोतर, सदरा, टोपी सगळं अंगावर. तांब्या शेजारीच राहिला. आप्पांनी गुंडाळी माझ्याकडे दिली, हौदात तांब्या बुडवला आणि थोरल्या भावाच्या डोक्यावर ओतला. मग दुसरा, मग तिसरा. भर दुपारची वेळ होती. दादांची टोपी वाहून माझ्या पायाशी आली.

दादांनी पायरीवरूनच विचारलं, "कवा?"

"परवाच्या सालच्या माघात. चिठ्ठी धाडली हुती, फाट्यावर."

"फाट्यावर," दादा म्हणाले. त्यांच्या मिशांतून पाणी गळत होतं. "येक तार करवली न्हाई तुला?"

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. ते तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. आईच्या दहाव्याला घाटावरही ते रडले नव्हते.

शेवंताकाकू, म्हणजे दादांच्या पत्नी, आतून आल्या तेव्हा दोघे भाऊ भिजून हौदाला टेकून बसले होते. तेवढ्यावरून काकूंना कळलं. स्वतःही तांब्याभर पाणी डोक्यावरून घेतलं, आणि मग मला जवळ ओढलं. संध्याकाळी त्यांनी एक पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. आत आईची पोस्टकार्डं होती. आप्पा मुक्कामाच्या गाडीवर गेले की आई बारीक अक्षरात काहीतरी लिहीत बसे, आणि मला वाटायचं मामांना लिहिते. माझा पहिला नंबर, आप्पांची बदली, माझी नोकरी, सगळं त्यात होतं. आप्पांना कळू देऊ नका, असं प्रत्येक कार्डाच्या शेवटी.

"मला कुटं वाचाय येतंय," काकू म्हणाल्या. "ह्येच वाचायचे. येकदा मोट्यानं, येकदा मनात. दोन वर्सं पत्र न्हाई, तवा म्हनले, केदारीला कळलं आसंल, त्यानंच बंद केली."

दादा ओसरीवर कोरडं धोतर नेसून बसले होते. आप्पांना त्यांनी आपलाच सदरा दिला होता. खांद्यात तो बरोब्बर बसला. मग दादांनी विचारलं, "वाजाप पायजे हुतं का रं तिला?"

"तिनं कदी नाव न्हाई काढलं," आप्पा म्हणाले. "मलाच पायजे हुतं."

"मग तसं सांगायचं न्हाईस," दादा म्हणाले. "येक पिपानी लावली आसती."

आप्पांना हसू आलं. मग त्यांनी माझ्याकडून गुंडाळी घेतली, बारा महिन्यांचा कागद ओसरीवर अंथरला आणि पेन्सिल दादांच्या हातात दिली. दादांनी आधी कागद उलटा करून बघितला, दिनदर्शिका कुठल्या सालची ते पाहिलं आणि पसंतीची मान हलवली. मग लोंबकळणाऱ्या डाव्या रेघेखाली स्वतःचं नाव लिहिलं. उजवीकडे सरकून आप्पांच्या चौकटीशेजारी 'हौसाबाई' लिहिलं, आणि खाली माझं. आईच्या नावापुढं तारीख घालायला त्यांनी आप्पांकडे पेन्सिल दिली.

त्यानंतर पास असो-नसो, आप्पा दर महिन्याला तळेवाडीला जात. दोघे भाऊ दिवसभर पोती उसवत बसत आणि एकमेकांच्या उधळेपणाला नावं ठेवत.

पुढच्या संक्रांतीला मिरज स्टँडवर ढेप आली. निळ्या दोऱ्यानं शिवलेली, वर पत्रिकेचा तुकडा टाचलेला. मी घरी आणून आप्पांसमोर ठेवली. नाव 'सौ. हौसाबाई शिंत्रे, मिरज' असंच होतं.

मी म्हटलं, आता तरी काकांना माहिती आहे ना.

आप्पांनी दोरा न तोडता नीट उसवून घेतला, बोटाला गुंडाळला आणि चिठ्ठी पासाच्या पाकिटात आधीच्या दोन चिठ्ठ्यांजवळ ठेवली.

"आदीच लिवून ठिवल्या आसतील," ते म्हणाले. "वाया कशाला घालवंल?"

पण शाई नवी होती, आणि ते त्यांनाही दिसलं होतं.